हे विमानतळ कोणाच्या बापाचे?

महाराष्ट्राच्या राजधानीची दोन्ही आंतरराष्ट्रीय विमानतळे आज एकाच उद्योगसमूहाच्या ताब्यात आहेत. सांताक्रूझ-सहारचे जुने विमानतळ अदानी समूहाकडे आणि नवी मुंबईतील उलव्याचे नवे विमानतळही अदानी समूहाकडेच. या महानगरात प्रवासी विमानाने येणारा आणि येथून जाणारा प्रत्येक माणूस यापुढे एकाच मालकाच्या उंबऱ्यावर पैसे मोजून पुढे सरकणार आहे. हे कोणा परकीय सत्तेने आपल्यावर लादलेले नाही. आपण निवडून दिलेल्या सरकारांनी, आपल्याच मंत्र्यांच्या सह्यांनी, मंत्रिमंडळाच्या बैठकांत मंजुरी देऊन हे घडवले आहे. आधुनिकीकरण या शब्दाची झूल पांघरून सार्वजनिक मालमत्ता खासगी मुठीत देण्याचा हा वीस वर्षांचा प्रवास आहे आणि या प्रवासात सत्तेवर आलेला एकही मोठा पक्ष हात झटकून बाजूला उभा राहू शकत नाही. म्हणून आम्ही सर्वांनाच एकत्र उभे करून विचारतो, हे विमानतळ कोणाच्या बापाचे?

मुंबईला नवे विमानतळ हवे होते याबद्दल दुमत नाही. सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. एकीवर विमान उतरत असेल तर दुसरी मोकळी असूनही वापरता येत नाही. दोन धावपट्ट्यांचे विमानतळ म्हणायचे आणि चालवायचे एका धावपट्टीवर, अशी ही अवस्था. त्या एका धावपट्टीवरून २०२४-२५ या वर्षात साडेपाच कोटी प्रवाशांची ये-जा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारला गर्दीच्या वेळचे ताशी उड्डाणांचे प्रमाण ४६ वरून ४४ वर आणावे लागले, कारण विमाने चाळीस चाळीस, साठ साठ मिनिटे शहरावर घिरट्या घालत होती. चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत एका विमानाचे सुमारे पावणेदोन लाख रुपयांचे इंधन जळते, असा खुद्द सरकारचाच हिशेब होता. आकाशात रोज जळणारा हा पैसा अखेर तिकिटाच्या किमतीतूनच वसूल होतो.

हे संकट अचानक कोसळले का? मुळीच नाही. दुसऱ्या विमानतळाचा विचार सुरू झाला १९९७ मध्ये. केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ मध्ये. पर्यावरण परवानगी मिळाली २०१० मध्ये. भूमिपूजन झाले १८ फेब्रुवारी २०१८ रोजी आणि तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये पहिले विमान उडेल अशी ग्वाही देण्यात आली. उद्घाटन झाले ८ ऑक्टोबर २०२५ रोजी! विचारापासून उद्घाटनापर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. ज्या वर्षी कल्पना मांडली गेली त्या वर्षी जन्मलेले मूल शिकून, नोकरीला लागून, संसार थाटून बसले, तरी सरकारच्या फायली फिरतच होत्या. या दिरंगाईबद्दल एका मंत्र्याने, एका सचिवाने जनतेची माफी मागितली काय? फीत कापायला मात्र सगळे पुढे!

आता खासगीकरणाचा इतिहास पाहू, कारण खरी मेख तेथेच आहे. २००६ मध्ये केंद्रातील संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारने दिल्ली आणि मुंबईची विमानतळे खासगी कंपन्यांच्या हवाली केली. मुंबईच्या कंपनीत जीव्हीकेच्या गटाचा हिस्सा ७४ टक्के ठेवला आणि सरकारी विमानतळ प्राधिकरणाकडे उरले २६ टक्के. करार तीस वर्षांचा आणि त्यापुढे आणखी तीस वर्षे वाढवून घेण्याची मुभा, म्हणजे दोन पिढ्यांचा! तेव्हा निदान एवढी शुद्ध शिल्लक होती की देशातील दोन सर्वांत मोठी विमानतळे एकाच कंपनीला द्यायची नाहीत. दोन्हीकडे पात्र ठरलेल्या जीएमआरला दिल्ली मिळाली, मुंबई मिळाली नाही. दोन वेगवेगळ्या शहरांची विमानतळेही एका हाती नकोत, असे म्हणणारे राज्यकर्ते याच देशात होते. पंधरा वर्षांनंतर एकाच शहराची दोन्ही विमानतळे एकाच हाती गेली, तेव्हा ती शुद्ध कोणत्या फायलीत पुरली गेली?

खासगी कंपनी स्वतःचा पैसा घालते, जोखीम घेते, म्हणून तिला नफ्याचा अधिकार आहे, असे आपल्याला सांगितले जाते. मुंबईत काय घडले ते कॅगच्या २०१४ च्या अहवालात वाचा. प्रकल्पाचा खर्च ५,८२६ कोटींवरून १२,३८० कोटींवर गेला. भागधारकांचे भांडवल अवघे १,२०० कोटी. आणि प्रवाशांच्या खिशातून विकास शुल्काच्या नावाने उभे करायचे ३,४०० कोटी! म्हणजे मालकांनी घातले त्याच्या जवळजवळ तिप्पट पैसे प्रवाशांनी घालायचे. मालकांना मिळाला हिस्सा, प्रवाशाला मिळाली पावती. २००९ पासून देशातल्या देशात जाणाऱ्याकडून १०० रुपये आणि परदेशी जाणाऱ्याकडून ६०० रुपये उकळायला सुरुवात झाली. ही वसुली नियामक प्राधिकरणाने दर ठरवून दिल्याशिवायच चालली होती आणि ती बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये सांगावे लागले. आखातात राबायला निघालेल्या गवंड्याने, सुताराने, मोलकरणीने ते ६०० रुपये भरले. त्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या विमानतळाच्या एका वीट-दगडावरही त्यांचा हक्क नाही. हा कोणता न्याय?

मग आला नव्या विमानतळाचा लिलाव. फेब्रुवारी २०१७ मध्ये निविदा उघडल्या तेव्हा मैदानात होत्या अवघ्या दोन कंपन्या. एक जीएमआर आणि दुसरी खुद्द जुने विमानतळ चालवणारी जीव्हीकेची कंपनी. जीएमआरने राज्य सरकारच्या सिडको महामंडळाला महसुलाचा १०.४४ टक्के वाटा देऊ केला, जीव्हीकेने १२.६० टक्के. लिलाव आटोपला! जुन्या विमानतळावर सरकारी प्राधिकरणाला मिळणारा वाटा ३८.७ टक्के आहे. नव्याने बांधायचे म्हणजे खर्च जास्त, म्हणून वाटा कमी, हा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण मग जनतेच्या बाजूने काय पणाला लागले तेही मोजा. १,१६० हेक्टर जमीन सिडकोने दिली. सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापून सपाट करणे, उलवे नदीचा प्रवाह वळवणे, खाडीच्या पाणथळीत भराव घालणे ही कामे सिडकोच्या यंत्रणेने केली. एवढे सगळे तयार करून दिल्यावर देशभरातून दोनच बोलीदार येतात आणि आठव्या हिश्शावर सौदा तुटतो, तर त्या लिलावाला स्पर्धा म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

नंतर देशातील आणखी सहा विमानतळे खासगी हातांत देण्याचा घाट घातला गेला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्याच अर्थ व्यवहार विभागाने लेखी सुचवले की एका बोलीदाराला दोनपेक्षा जास्त विमानतळे देऊ नका, कारण काम अफाट भांडवलाचे आहे आणि स्पर्धा टिकली पाहिजे. ही सूचना केराच्या टोपलीत गेली आणि २०१९ मध्ये सहाच्या सहा विमानतळांच्या बोली अदानी समूहाने जिंकल्या. मोठे प्रवासी विमानतळ चालवण्याचा अनुभव नसलेला समूह एका झटक्यात सहा विमानतळांचा धनी ठरला. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली जीव्हीके वाकली आणि जुलै २०२१ मध्ये मुंबईचे विमानतळही त्याच समूहाकडे गेले. नव्या विमानतळाची कंपनी जुन्या कंपनीच्या पोटातच होती, त्यामुळे तीही सोबत गेली. या मालकीबदलाला मान्यता कोणी दिली? महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने! उद्योगपतींच्या नावाने रोज शंख करणाऱ्या पक्षांनी सत्तेत असताना राजधानीचे भावी विमानतळ त्यांच्या पदरात टाकले. विरोधात असताना गर्जना आणि सत्तेत असताना सही, हा या राज्याच्या राजकारणाचा धर्म झाला आहे.

जगात सगळीकडे असेच चालते, असे कोणी सांगेल तर त्याने लंडनकडे पाहावे. हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड ही तिन्ही विमानतळे बीएए या एकाच कंपनीकडे होती. एकाच मालकीमुळे स्पर्धा मरते आणि प्रवाशाचे नुकसान होते, असा निष्कर्ष तेथील स्पर्धा आयोगाने २००९ मध्ये काढला आणि कंपनीला विमानतळे विकायला लावली. गॅटविक २००९ मध्ये गेले, स्टॅनस्टेड २०१३ मध्ये. भांडवलशाहीच्या माहेरघराला जे उमगले ते समाजवादाची शपथ घेतलेल्या संविधानाखाली कारभार करणाऱ्यांना उमगू नये? खासगीकरण केले स्पर्धेच्या नावाने आणि जन्माला घातली मक्तेदारी. ही जनतेशी केलेली उघड प्रतारणा आहे.

मक्तेदारीचा चटका कसा बसतो ते तिकिटावरच्या बारीक अक्षरांत पाहा. नियामकाने मे २०२५ मध्ये जुन्या विमानतळासाठी देशांतर्गत उड्डाणावर १७५ रुपये आणि परदेशी उड्डाणावर साध्या वर्गासाठी ६१५ रुपये वापर शुल्क मंजूर केले. परदेशी प्रवासाचे शुल्क त्यापूर्वी १८७ रुपये होते. नव्या विमानतळासाठी सुरुवातीला ठरवलेले तात्पुरते शुल्क पाहा. देशांतर्गत उड्डाणावर ६२० रुपये, परदेशी उड्डाणावर १,२२५ रुपये. एवढ्यावर भागत नाही. तेथे उतरणाऱ्यालाही देशांतर्गत प्रवासासाठी २७० आणि परदेशातून आल्यास ५२५ रुपये. पनवेलच्या एखाद्या शिक्षकाने बायको आणि दोन मुलांना घेऊन नागपूरला जायचे ठरवले, तर या दराने घराजवळच्या विमानतळावरून नुसते उडण्याचे त्याला २,४८० रुपये आणि परत उतरण्याचे १,०८० रुपये. तोच शिक्षक सांताक्रूझला गेला तर उडण्याचे ७०० रुपये. मालक दोन असते तर प्रवासी आपल्याकडे वळावा म्हणून दर खाली आणायची धडपड झाली असती. मालक एकच असल्यावर त्याने का धडपडावे? प्रवासी इकडे गेला काय आणि तिकडे गेला काय, गल्ला एकच!

आणि त्या विमानतळापर्यंत पोहोचायचे कसे? उद्घाटनाच्या दिवशी दोन विमानतळांना जोडणारी मेट्रो कागदावरच होती. सहारचे झगमगीत ‘टर्मिनल-२’ फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या दाराशी मेट्रो पोहोचली ऑक्टोबर २०२४ मध्ये. सामान्य माणसाच्या गाडीला दहा वर्षे थांबवायचे आणि दुकानांना जागा आधी द्यायची, ही आपल्या आधुनिकीकरणाची रीत आहे.

यापेक्षा संतापजनक आहे ती भूमिपुत्रांची कहाणी. वरचे ओवळे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. ही दहा नावे प्रत्येक मराठी माणसाने पाठ करावीत, कारण राजधानीच्या धावपट्टीखाली ही दहा गावे आहेत. आगरी-कोळ्यांची ही वस्ती. पिढ्यानपिढ्या खारे पाणी अडवण्यासाठी बांध घालायचे, त्या बांधाआड भात पिकवायचे, मिठागरात राबायचे, खाडीत जाळे टाकायचे, हे त्यांचे जगणे. टेकडी फोडण्यासाठी सुरुंग उडू लागले तेव्हा या लोकांच्या भिंतींना तडे गेले. भरावामुळे शेजारच्या डुंगी गावात पावसाळ्याचे पाणी घरांत शिरू लागले. गावदेवीचे देऊळ, मसणवट, शाळा, पार, सगळे सोडून या तीन हजारांवर कुटुंबांना उठावे लागले. आम्ही मघाशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. हे विमानतळ त्यांच्या बापाचे आहे, ज्यांच्या बापाने बांध घातला आणि ज्यांच्या आजाने ती खार जमीन लागवडीखाली आणली!

त्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंड दिले, आणखी काय हवे, असे सिडकोचे अधिकारी विचारतील. आम्ही उलट विचारतो, खाडीचा मोबदला कोणी दिला? ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या पकडणारी, दुपारी पाटी डोक्यावर घेऊन पनवेलच्या बाजारात बसणारी बाई तुमच्या कोणत्या तक्त्यात आहे? तिच्या नावावर सातबारा नाही, कारण खाडीला सातबारा नसतो. जमीन मालकाची मोजली, घर चटईक्षेत्राने मोजले. भरती-ओहोटीवर चाललेले पोट मोजायला मात्र सरकारकडे फूटपट्टी नाही. हे अशक्य आहे असेही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला होता. खाडीवरचा हक्क हा हक्क आहे, हे लवादाला कळते. मंत्रालयाला ते कळत नसेल तर तो दोष बुद्धीचा नसून दानतीचा आहे.

जुन्या विमानतळाच्या भिंतीबाहेरची कथा याहून जुनी. तेथील जमिनीवरच्या झोपडपट्ट्यांत सुमारे ८० हजार कुटुंबे. त्यांच्या पुनर्वसनाचे कंत्राट २००७ मध्ये एचडीआयएल या कंपनीला दिले आणि २०१३ मध्ये ते रद्द झाले. कुर्ल्यात त्यांच्यासाठी बांधलेली हजारो घरे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. पुढे २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या घोटाळ्यात याच कंपनीच्या प्रवर्तकांना अटक झाली. सहारजवळच्या अण्णावाडीवर एका अमेरिकी पत्रकार बाईंनी पुस्तक लिहिले, त्याला तेथील मोठा पुरस्कार मिळाला, जगाने ते वाचले. टर्मिनलच्या आत तीन किलोमीटर लांबीच्या भिंतीवर भारतीय कलेचे वैभव मांडले आहे, ते पाहून आम्हालाही अभिमान वाटतो. पण त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लागत असतील, तर तो अभिमान आमच्या घशाखाली उतरत नाही.

आणि आता नाव. १९७० मध्ये ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या. भाव मिळाला कवडीमोल. त्याविरुद्ध उभे ठाकले जासईचे दि. बा. पाटील. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरणच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकऱ्यांचे बळी घेतले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व जन्माला आले. आज ज्या साडेबावीस टक्क्यांचा डांगोरा पिटला जातो त्याचा उगम दि. बांच्या लढ्यात आहे. २०२१ मध्ये सिडकोने दुसरेच नाव सुचवले तेव्हा १० जूनला भूमिपुत्रांनी मानवी साखळी उभारली आणि २४ जूनला, दि. बांच्या स्मृतिदिनी, हजारोंच्या संख्येने बेलापूर गाठले. त्या रेट्यापुढे सरकार नमले. ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नावाचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे ठराव दिल्लीत पडून राहिला आणि उद्घाटन विनानावाचे झाले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या ठरावाला दिल्लीत काडीची किंमत नाही, हे आम्ही मुकाट्याने गिळायचे? ज्याने या मातीसाठी पोलिसांच्या लाठ्या झेलल्या त्याचे नाव लावायला फाईल हलत नाही आणि मालकी बदलायला मात्र एका बैठकीत मंजुरी मिळते!

विकासाला विरोध करता, असा आरोप आमच्यावर होईल. तो आम्ही पायदळी तुडवतो. विमानतळ हवेच आहे, ते उत्तमच हवे आहे. खासगी कंपनीने ते कार्यक्षमतेने चालवले तर तिला रास्त नफा मिळावा, यालाही आमची ना नाही. पण घर चालवायला दिले म्हणून भाडेकरू मालक होत नाही आणि मालकाला हिशेब विचारायची चोरी होत नाही. जमीन जनतेची, खाडी जनतेची, शुल्क जनतेचे. जुन्या कंपनीत २६ टक्के हिस्सा विमानतळ प्राधिकरणाचा, नव्या कंपनीत २६ टक्के सिडकोचा. या हिश्शावर बसलेले सरकारी संचालक जनतेचे विश्वस्त आहेत. शुल्कवाढीच्या वेळी, मालकीबदलाच्या वेळी त्यांनी तोंड उघडले काय? उघडले असेल तर त्या बैठकांची इतिवृत्ते जाहीर करा. उघडले नसेल तर त्यांना घरी पाठवा.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या पुढच्याच बैठकीत लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नावावर शिक्कामोर्तब करा. दोन्ही विमानतळांच्या खर्चाची, शुल्काची आणि मालकीबदलाची कॅगकडून चौकशी करून अहवाल संसदेत आणि विधिमंडळात ठेवा. एकाच शहराच्या दोन विमानतळांची मालकी एका हाती राहू द्यायची की नाही, याची स्पर्धा आयोगाकडून उघड सुनावणी घ्या आणि तोवर एका पैशाचीही शुल्कवाढ करू नका. दहा गावांतील प्रत्येक कुटुंबातील एका मुलाला किंवा मुलीला विमानतळावर कायम नोकरी द्या. कंत्राटदाराकडची झाडलोट आणि सुरक्षारक्षकाची काठी म्हणजे नोकरी नव्हे! खाडीवर जगणाऱ्या प्रत्येक मच्छीमार कुटुंबाची नोंद करून भरपाई चुकती करा. जुन्या विमानतळाभोवतीच्या झोपडपट्ट्यांच्या पुनर्वसनाची तारीख जाहीर करा आणि ती चुकली तर जबाबदार मंत्र्याचे नावही आधीच जाहीर करा.

यातील एकही मागणी अवास्तव नाही, एकीलाही घटनादुरुस्ती लागत नाही. लागते ती पाठीच्या कण्याची. महाराष्ट्रातील लोकसभेच्या ४८ खासदारांनी एका आवाजात हे सांगितले तर दिल्लीतील कोणतेही सरकार कानाडोळा करू शकणार नाही. हे खासदार गप्प बसणार असतील, तर उरण-पनवेलच्या शेतकऱ्याने १९८४ मध्ये दाखवलेली वाट अजून बुजलेली नाही. राज्यकर्त्यांनो, जनतेच्या भूमीवर आणि जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या विमानतळांचा पैन् पैचा हिशेब जनतेपुढे मांडा. तो मांडण्याची छाती नसेल तर खुर्च्या खाली करा!